पाणी ओसरले, छायाचित्र ओसरले नाही: आपल्या भागाची गोष्ट आपण कशी सांगावी?

निशिगंध_को | रविवार, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी,

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली, तेव्हा मी बारावीत होते. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात, त्यामुळे ५५ म्हणजे काय हे येथे कोणाला समजावून सांगायला नको. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतून माणसे बोटींनी बाहेर काढावी लागली आणि ती सारी दृश्ये जगभर गेली. त्यांत खोटे काहीच नव्हते. माझी मावशी चिखलीतच राहते आणि तिच्या घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ मी स्वतः घासून काढली आहे.

हे सांगण्याचे कारण गेल्या वर्षी घडले. निरनिराळ्या देशांतील तरुणांसाठी असलेल्या एका सहा महिन्यांच्या ऑनलाइन लेखनवर्गात मला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी आमच्या जोड्या लावल्या गेल्या आणि माझ्या जोडीला इथिओपियातील हवासा शहरातील, माझ्याच वयाची एक मुलगी आली. मी आपली शहाण्यासारखी, आवाजात शक्य तेवढी आपुलकी आणून तिला विचारले, की तुमच्याकडे आता धान्याची आणि पिण्याच्या पाण्याची परिस्थिती कशी आहे? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आमचे ठीक आहे. तुमचे घर आता कोरडे झाले का?” वर्ग सुरू होण्यापूर्वी तिने कोल्हापूरचे नाव टाकून शोध घेतला होता आणि तिला काय दिसले असेल हे तुम्ही ओळखले असेलच.

इथिओपियातला १९८४ चा दुष्काळ मी तिच्यापुढे मांडून बसले होते आणि २०१९ चा पूर तिने माझ्यापुढे मांडला होता. दोघींच्या चित्रांत फरक एवढाच, की माझे चित्र तिच्या जन्माच्याही आधीचे होते.

पुढचे सहा महिने आम्हाला दर आठवड्याला एकच काम होते: आपल्या गावातील एका साध्या मंगळवारी काय घडते ते चारशे शब्दांत लिहायचे. तिचा पहिला मजकूर हवासाच्या तळ्याकाठच्या मासळीबाजाराचा होता. सकाळी होड्या काठाला लागतात, पोरे तेथेच मासे साफ करतात आणि माणसाच्या कमरेला लागतील एवढे टकले करकोचे आतड्यांसाठी रांग लावल्यासारखे उभे राहतात. हे करकोचे आळशी सरकारी शिपायांसारखे दिसतात, असे तिने लिहिले होते आणि ते वाचून मी मोठ्याने हसले. (आमची पहिली ठरवलेली भेट मात्र हुकली होती. तिने “दोन वाजता” म्हटले आणि मी दुपारी वाट पाहत बसले. इथिओपियात तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून त्यांचे दोन म्हणजे आपल्या मोजणीने तिकडचे सकाळचे आठ. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “त्यात काय, आपल्या घटका पण सूर्य उगवल्यापासूनच की.”)

माझा पहिला मजकूर मात्र साफ पडला. मी अंबाबाईचे मंदिर लिहिले, रंकाळा लिहिला, तांबडा-पांढरा रस्सा लिहिला, शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम लिहिला. सगळे खरे आणि सगळे अभिमानाचे. तिने एका ओळीत उत्तर पाठवले: “यात मंगळवार कुठे आहे?” मग मी गंगावेशीतल्या दुधाबद्दल लिहिले. म्हैस रस्त्याच्या कडेला उभी असते, समोर धार काढली जाते, फेस ग्लासाच्या वर येतो, तालमीतून आलेली मुले आणि फिरायला निघालेले पेन्शनर एकाच फळीवर बसून ते दूध पितात आणि पैसे द्यायचा क्यूआर कोड गवळ्याच्या मोटारसायकलच्या हँडलला दोरीने बांधलेला असतो. तिने त्या कोडबद्दल सात प्रश्न विचारले. मंदिराबद्दल एकही विचारला नव्हता.

वर्ग संपल्यावर आम्ही सातआठ जणांनी कोल्हापुरात असेच सकारात्मक मजकूर गोळा करायला सुरुवात केली आहे. असे करणारे आम्ही पहिले नव्हे, हे ठाऊक आहे. २०१५ मध्ये आफ्रिकी वंशाच्या तरुणांनी “प्रसारमाध्यमे तुम्हाला कधीच दाखवत नाहीत ती आफ्रिका” अशा अर्थाच्या हॅशटॅगखाली ट्विटरवर आपल्या शहरांची, बाजारांची, लग्नांची छायाचित्रे टाकून तो भरून काढला होता. त्याआधी २०१२ मध्ये नॉर्वेतील विद्यार्थ्यांच्या एका मदतसंस्थेने फारच खट्याळ चित्रफीत काढली होती. तिच्यात आफ्रिकेतील तरुण थंडीने काकडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेकरांसाठी खोल्या तापवायचे रेडिएटर गोळा करतात आणि “आपल्याकडे ऊब आहे, ती वाटून घेऊ” असा करुण भाव आणून आवाहन करतात. नॉर्वेबद्दल एवढीच फीत जगाने पाहिली असती तर काय झाले असते, एवढाच तिचा प्रश्न होता. पुढे काही वर्षे त्याच संस्थेने देणग्यांच्या जाहिरातींतल्या उत्तम जाहिरातीला सोनेरी आणि वाईट जाहिरातीला गंजका रेडिएटर असे पुरस्कारही दिले.

मला येथील सभासदांकडून दोन गोष्टी हव्या आहेत. तुम्ही कोल्हापूरबाहेर, विशेषतः आफ्रिकेत किंवा आपल्याच राज्याच्या ज्या भागांना “मागास” हे विशेषण कायमचे चिकटवलेले आहे तेथे राहिला असाल, तर तेथील एखादी साधी, स्वतः पाहिलेली गोष्ट लिहा. आणि आमच्या या उद्योगात काही खोट दिसत असेल तर तीही स्पष्ट लिहा.

---

साखरमास्तर | रविवार, सकाळी ११:०५

निशिगंधताई, उत्तम विषय काढलात. मी कागल भागातला, आयुष्य साखर कारखान्यात गेले आणि त्यांतील तीन वर्षे युगांडातील जिंजा शहराजवळच्या कारखान्यात काढली. आपल्या भागातील केमिस्ट, पॅनमन, फिटर असे बरेच लोक पूर्व आफ्रिकेत जाऊन आलेले आहेत, परंतु त्यांच्यातील कोणी तेथील माणसांबद्दल काही लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पगार किती आणि मलेरिया झाला का, यापलीकडे गावात आम्हाला कोणी काही विचारले नाही, हेही खरे.

मी निघालो तेव्हा आईने पिशवीत मिठाची दोन पाकिटे घातली होती. तिकडे मीठ मिळत नाही, असे तिला कोणीतरी सांगितले होते. पोहोचल्यावर पहिला धक्का कामाचा बसला. आपल्याकडे नोव्हेंबरात मोळी टाकून गाळप सुरू करायचे, मार्चच्या आसपास पट्टा पडून ते थांबायचे आणि मग देखभाल-दुरुस्ती करत पावसाळा काढायचा, ही सवय. तो प्रदेश विषुववृत्ताला लागून असल्याने ऊस जवळपास वर्षभर येत राहतो आणि गाळपही चालू राहते, त्यामुळे “हंगाम संपला की बघू” ही आपली लाडकी सबब तेथे चालत नाही. माझ्या हाताखाली तीन स्थानिक तरुण होते. त्यांतील एक मुलगा रस आटवून साखर पाडायच्या पॅनमधून नमुना काढून, काचेवर बोटाने पसरवून, दिव्यासमोर धरून दाणा कसा बसला आहे ते सांगायचा आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. हे कौशल्य यायला मला सहा हंगाम लागले होते. त्याला दोन वर्षे लागली, कारण त्याचे वर्ष बारा महिन्यांचे होते!

दुसरी गोष्ट पैशांची. आपल्याकडे यूपीआय २०१६ मध्ये आले आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. शेजारच्या केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सेवा २००७ मध्येच सुरू झाली होती. तिला स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि बँकेतले खातेही लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे रोख रक्कम द्यायची, ती आपल्या सिमवर जमा होते. गावाकडे आई तिच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून ती रोख उचलते. युगांडातही अशाच सेवा होत्या आणि आमच्या कामगारांचे अर्धे व्यवहार त्यांवरच चालत. त्यातील “पेसा” म्हणजे आपला पैसाच. स्वाहिलीत दुकानाला “दुका” म्हणतात, मोटारीला “गारी” आणि विम्याला “बिमा”. एकदा हे कानावर पडले की परकेपणा निम्मा संपतो.

कारखान्याच्या फाटकाबाहेर एक पोरगा चपाती लाटून, तीवर अंड्याची पोळी घालून, टोमॅटो-कोबी पसरून तिची गुंडाळी करून द्यायचा. त्या पदार्थाला सगळा देश “रोलेक्स” म्हणतो. रात्रपाळीला माझे तेच जेवण.

आता कबुली. तुमचा धागा वाचून मी जुना फोन काढला आणि त्या काळात घरी पाठवलेली छायाचित्रे पाहिली. सिंह, हत्ती, नाईलचा उगम, पुन्हा हत्ती. त्या मुलाचे, त्या काचेचे, त्या रोलेक्सवाल्याचे एकही नाही. माझ्या नातवंडांच्या डोक्यात आफ्रिका म्हणजे हत्ती असेल, तर ती टीव्हीने नव्हे, त्यांच्या आजोबांनी भरवली आहे.

---

इचलकरंजीकर | रविवार, दुपारी ३:३०

खोट दाखवा म्हणालात म्हणून लिहितो. राग मानू नये.

“सकारात्मक गोष्टी सांगा” हे वाक्य मी अलीकडे फार ठिकाणी ऐकतो आणि प्रत्येक वेळी ते म्हणणाऱ्याच्या हातात काहीतरी झाकायचे असते. २०१९ मध्ये चिखलीतून कोणी “आमच्या गावातील साधा मंगळवार” पाठवला असता तर बोटी आल्या असत्या का? त्या आल्या, त्या भयंकर दृश्यांमुळे. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडतो, ते छायाचित्र कोणी काढलेच नाही तर सांडपाण्याबद्दल नोटीस कोण काढणार? वाईट चित्र बाहेर जाणे हा गरिबाचा हक्क आहे, असे माझे मत आहे.

आता तुमच्या मैत्रिणीच्या हवासाबद्दल. मी सुताच्या धंद्यात आहे, त्यामुळे त्या गावाचे नाव मला तुमच्याआधी ठाऊक होते. तेथे २०१६ मध्ये मोठे औद्योगिक उद्यान उघडले, हजारो मुली कपडे शिवायला लागल्या आणि जगभरच्या मासिकांनी “आफ्रिकेचे नवे वस्त्रकेंद्र” म्हणून कौतुक केले. ती अगदी सकारात्मक गोष्ट होती. त्यात मजुरी किती तुटपुंजी आहे हे तळटीपेत जात असे. मग उत्तरेकडे तिग्राईत नोव्हेंबर २०२० मध्ये युद्ध पेटले, अमेरिकेने इथिओपियाच्या मालाला दिलेली शुल्कमाफी जानेवारी २०२२ पासून काढून घेतली आणि त्याच्या आधीच एक बडी कंपनी आपला कारखाना बंद करून निघून गेली. ज्या मुलींचे हसरे फोटो छापले होते त्यांचे पुढे काय झाले, हे छापायला त्यांतले कोण परत गेले?

साखरमास्तर, तुमच्या पॅनवरच्या मुलाला पगार किती होता आणि तुम्हाला किती, हेही सांगा. गोष्ट मग पुरी होईल.

आणि कोल्हापूरबद्दल एक. १९१७ मध्ये महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. थोर गोष्ट. परंतु त्या पुण्याईवर आपण आणखी किती दिवस बसून खाणार? कोकणात जाणारी आपली शंभरेक किलोमीटरची वैभववाडी रेल्वे कागदावरून उतरत नाही आणि ज्यांना आपण दुष्काळी म्हणतो त्या इथिओपियाने २०१६ मध्ये जिबूतीच्या बंदरापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरचा विजेवरचा लोहमार्ग उद्घाटन करून मोकळा केला. (पाहा, मीही सकारात्मक गोष्ट सांगितली.)

---

साखरमास्तर | रविवार, दुपारी ४:१०

विचारलेत ते बरोबर केलेत. मला त्याच्या सुमारे नऊपट मिळत असे. राहायला बंगलाही मला होता. तो मुलगा चारच्या पाळीला सायकलवरून यायचा. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

---

निशिगंध_को | रविवार, रात्री ९:१५

इचलकरंजीकर काका, राग कसला? हवासाच्या उद्यानाची गोष्ट मी मैत्रिणीला लगेच कळवली. तिचे उत्तर असे: तिची मोठी बहीण त्याच उद्यानात शिवणकामाला होती, कारखाना बंद झाल्यावर सहा महिने घरी बसली आणि आता बाजारात स्वतःचे एक मशीन मांडून शाळेचे गणवेश शिवते. “हे मी आधी लिहिले नाही, कारण परक्या माणसासमोर आधी रडगाणे लावायचे नाही असे आमच्या घरी शिकवले आहे,” असे ती म्हणाली. हे वाक्य माझ्या आईचेही असू शकले असते.

तुमचे म्हणणे मला बरेचसे पटते, तरी एक गोष्ट पटत नाही. पुराचे चित्र जावे याबद्दल वाद नाहीच. ते गेले म्हणून बोटी आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले. परंतु बोटींपाठोपाठ काय आले तेही पाहिले आहे. चिखलीच्या शाळेत उतरवलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगात फाटके परकर होते, बटणे तुटलेले कोट होते आणि एक जरीचा शेरवानी होता. मावशीला तेव्हा हवी होती चिखल उपसायला फावडी, फिनेल आणि म्हशींना वैरण. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, त्यांच्यासमोर फक्त एक चित्र होते: छपरावर हात पसरून उभी असलेली माणसे. त्या माणसांच्या घरात कपाट आहे, गोठ्यात म्हशी आहेत, डेअरीचा हिशेब आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. ते आधीपासून ठाऊक असते, तर शेरवानीऐवजी वैरण आली असती. साधा मंगळवार पुराच्या आधी जगाला माहीत असावा, एवढाच माझा हट्ट आहे.

“सकारात्मक” हा शब्द मात्र मी यापुढे वापरणार नाही. तो जाहिरातवाल्यांना देऊन टाकू.

---

पेठकर | सोमवार, सकाळी ७:५०

कोल्हापूर आणि आफ्रिका म्हटले आणि फुटबॉल आला नाही, तर शिवाजी पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून लिहितो.

बाहेरच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर दुपारपासून गर्दी होते. सासर एका पेठेत आणि माहेर दुसऱ्या पेठेत असलेल्या बायकांची खरी परीक्षा त्या दिवसांत असते. काही हंगामांत स्थानिक संघांनी आफ्रिकेतील खेळाडू खेळवले. त्यांतला नायजेरियाचा एक बचावपटू आमच्या गल्लीत, आमच्याच घराच्या वरच्या खोलीत राहत होता.

सुरुवातीला त्याला पाहायला लहान मुले जिन्यावर बसायची. त्याच्याविषयी आमचे ज्ञान म्हणजे तो ताकदीचा असणार, पुष्कळ मांस खाणार आणि अंधारात त्याच्याशी बोलायला नको. तो अकाउंटन्सी शिकलेला निघाला. आमच्या वडिलांचे किराणा दुकान आहे. उधारीच्या वहीतली बेरीज तो त्यांच्याआधी तोंडी करायचा आणि उधारी थकवणाऱ्यांची नावे मोडक्या मराठीत वाचून दाखवायचा. मटण त्याला आवडे, पण तांबड्या रश्श्यापुढे त्याने पहिल्याच दिवशी हात टेकले. पुढे महिनाभरात तोच पाहुण्यांना पांढऱ्यानंतर तांबडा घेण्याचा क्रम समजावून सांगू लागला. रविवारी सकाळी पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री, हातात बायबल; त्याच्या इस्त्रीमुळे आमच्या गल्लीतील पोरांचे कपडे सुधारले, असे माझी आई अजून म्हणते.

इचलकरंजीकर म्हणतात तशी दुसरी बाजूही लिहितो. एका सामन्यात प्रेक्षकांतून त्याला उद्देशून माकडाचे आवाज काढले गेले. ज्यांनी काढले त्यांत आमच्या ओळखीची मुले होती आणि आमच्यातले काही जण हसलेही. तो रात्री जेवायला खाली आला नाही. वडील जिना चढून वर गेले आणि उधारीची वही घेऊन गेले. काय बोलले ते मला कधी सांगितले नाही. तासाभराने दोघे खाली आले, तेव्हा बेरीज झालेली होती.

ही गोष्ट तुमच्या संग्रहात चालेल का ते ठरवा. आवाजांचा भाग गाळून मी ती देणार नाही.

---

वादी_वेणी | सोमवार, दुपारी १:२०

पेठकरदादा, तशीच राहू द्या.

मी चप्पल करणाऱ्या घरातली. आमचे घर सुभाषनगर भागात आहे. आमच्याकडे वर्षातून पाचसहा वेळा तरी कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन येते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आले आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला मूळ गावाचे नाव न घेता दिसल्या आणि गदारोळ झाला, तेव्हा तर रांग लागली होती. येणारा प्रत्येक जण आधी आजोबांना शोधतो. आजोबांचे वय ७८, हाताला घट्टे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. मग सांगतात, ट्यूबलाइट बंद करा, खिडकीतला उजेड चांगला आहे. पंखा बंद करा, आवाज येतो. भिंतीवरचा कॅलेंडर काढा. घामाघूम झालेले आजोबा अंधारात वादीने वेणी शिवताना दिसतात आणि खाली ओळ येते, की ही कला शेवटचे श्वास घेत आहे.

आजोबा रोज असे बसत नाहीत. उजेडात बसतात, रेडिओ लावून बसतात आणि दर अर्ध्या तासाने चहा मागतात. कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले आहे की नाही हे ते नुसत्या वासावरून सांगतात, हे कौशल्य खरेच आहे. परंतु घर चालते ते माझ्या आईच्या आणि माझ्या हिशेबावर. मागणी फोनवर येते. पायाचे माप कागदावर बाह्यरेषा काढून, शेजारी पट्टी ठेवून फोटो मागवायचा, हे मी सुरू केले, कारण परदेशातले आकडे आपल्या साच्याच्या नंबरांशी जुळत नाहीत आणि परत आलेला जोड म्हणजे निव्वळ तोटा. कापशी या प्रकारच्या चपलेला किती कान, अंगठा किती रुंद, तळ किती थरांचा, हे सगळे मी एका तक्त्यात भरते. आजवर एकाही कॅमेऱ्याने तो तक्ता टिपलेला नाही. मी चहा घेऊन येते तेवढीच त्या फितींत दिसते.

मला “गरीब बिचारे कारागीर” व्हायचे नाही आणि “अभिमानास्पद वारसा” पण व्हायचे नाही. चामड्याचे भाव चढले आहेत आणि रेक्झिनची नक्कल आमच्याच नावाने शेजारी विकली जाते, हे लिहिणार असाल तर माझा मंगळवार घ्या.

---

वैनगंगाकाठ | सोमवार, रात्री १०:३०

मी मूळची गडचिरोली जिल्ह्यातली, शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करण्यासाठी दोन वर्षे कोल्हापुरात होते. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात मला चौदा वेळा विचारले गेले, की तुमच्याकडे नक्षलवादी घरी येतात का? मी मोजले होते. पंधराव्या वेळी मी “हो, मागच्या दाराने, चहाला” असे म्हटले आणि ती मुलगी खरेच घाबरली.

आमच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणारे ते देशातील पहिले गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क ग्रामसभेकडे आला आणि २०११ पासून त्यांचा बांबू ते स्वतः विकू लागले. त्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने होतात, म्हणून एकेका ठरावाला कितीतरी बैठका लागतात. कोल्हापूरच्या मैत्रिणींना हे सांगितले तेव्हा एकीने विचारले, “मग भांडणे होत नाहीत?” माझ्या जिल्ह्याबद्दल दोन वर्षांत मला विचारला गेलेला तो पहिला माणसासारखा प्रश्न होता. होतात, खूप होतात, आणि मग पुन्हा बैठक होते.

निशिगंध, माझा मजकूर आठवड्याभरात पाठवते.

---

इचलकरंजीकर | मंगळवार, सकाळी ९:००

वाचले सगळे. एक सूचना: प्रत्येक मजकुराच्या वर तारीख घाला आणि वर्षभराने त्याच माणसाकडे परत जा. गणवेश शिवणाऱ्या बहिणीकडेही. तेवढे करणार असाल तर माझ्याकडूनही एक लिहून घ्या, मागाच्या खात्यातील रात्रपाळीवर. परप्रांतातून आलेली पोरे आहेत. भाषांतर मी करीन.

---

निशिगंध_को | मंगळवार, सकाळी ९:४०

तारीख घालते, काका. वर्षभराने परत जाण्याचे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. तुमच्याकडे कधी येऊ? रात्रपाळी म्हणजे मला घरी विचारावे लागेल, भावाला सोबत आणीन.

---

साखरमास्तर | मंगळवार, रात्री ११:५५

एक सापडले. माझ्या फोनमध्ये नव्हते, तेथे बरोबर असलेल्या गडहिंग्लजच्या फिटरकडे होते. त्याने आत्ता पाठवले. रोलेक्सवाल्याची गाडी आहे, वर एक पिवळा दिवा, मागे पत्र्यावर खडूने लिहिलेले भाव. पॅनवरचा मुलगा तव्याकडे पाठ करून उभा आहे आणि त्याचे तोंड भरलेले असल्यामुळे हात पुढे करून “काढू नका” म्हणतो आहे. कोपऱ्यात सायकल दिसते. तिच्या हँडलला महाद्वार रोडवरच्या एका कापड दुकानाची पिशवी अडकवलेली आहे. मिठाची पाकिटे आणली होती तीच ती. पिशवी मी त्याला कधी दिली होती, ते काही केल्या आठवत नाही.

त्याचा नंबर फिटरकडे अजून आहे. उद्या फोन लावतो, छायाचित्र येथे टाकू का ते त्याला विचारतो आणि मग टाकतो.